दादासाहेबांचा भूमिहीन सत्याग्रह आणि दहशतवादाचा कायदा

मोर्चा निघाला की त्यामागे कुणाचा तरी हात शोधायची सत्तेला सवयच जडली आहे. २००६ मध्ये खैरलांजीनंतर समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा आमच्याच सांगली जिल्ह्याचे आर. आर. पाटील गृहमंत्री होते. आंदोलनामागे नक्षलवादी असल्याची शंका त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली. २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात यूएपीए लागला. आता कुपवाडच्या कामगार वस्तीतली पोरे कलेक्टर कचेरीवर जाण्याआधी आम्हा वकिलांना विचारतात की केस कोणती लागेल. म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे चरित्र पुन्हा उघडावे लागते.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा समितीचे चिटणीस तेच होते. लढा पाच वर्षे चालला. सत्याग्रहींनी दगड खाल्ले, तुरुंग भोगला, पण दगडाला दगडाने उत्तर दिले नाही.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दादासाहेब १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर गेले. पण त्यांचा जीव भूमिहीनांत होता. १९५९ मध्ये त्यांनी महाराष्ट्रात जमिनीसाठी सत्याग्रह उभा केला आणि टीका सुरू झाली ती घरातूनच! बॅ. बी. सी. कांबळे यांच्या गटाने दादासाहेब कम्युनिस्टांच्या वाटेने चालल्याचा आरोप केला. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सनदशीर मार्ग खुले असताना सत्याग्रह सोडावा असे सांगितले होते, याकडे आजही बोट दाखवले जाते. भाषण खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दादासाहेबांनी सनदशीर दार आधी ठोठावले, ही गोष्ट टीकाकार सोयीस्कर विसरतात. १९६४ मध्ये मोर्चा संसदेवर नेऊन पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींपुढे मागणीपत्र ठेवले. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन द्या, बौद्धांना सवलती द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा त्या मागण्या होत्या. दाद मिळेना, तेव्हा ६ डिसेंबर १९६४ ला देशभर सत्याग्रह सुरू झाला. चळवळीच्या नोंदींप्रमाणे तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. १९६२ ची आणीबाणी तेव्हा उठलेली नव्हती, तरीही शेवटी सरकारला दादासाहेबांशी बोलणी करावी लागली.

येथे कायद्याचा मुद्दा येतो. सत्याग्रही कायदा मोडत होते, हे उघडच आहे. पण ते नाव-गाव सांगून मोडत होते आणि शिक्षा भोगायला तयार होते. दहशतवादी लपतो, सत्याग्रही स्वतःहून पोलिसांच्या गाडीत बसतो. हा फरक पुसला की कायद्याची मर्यादाच संपते.

यूएपीए १९६७ चा. तो संमत झाला तेव्हा दादासाहेब राज्यसभेत होते. त्या वेळच्या कायद्यात दहशतवादी कृत्य ही व्याख्याच नव्हती. पोटा रद्द झाल्यावर २००४ मध्ये ती घुसवली गेली. २००८ मध्ये जामीन अवघड झाला, २०१९ मध्ये एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी ठरवण्याची सोय झाली. व्याख्येत बॉम्ब, बंदुका, विष यांच्या शेजारी अन्य कोणतेही साधन असे शब्द आहेत. सारा झगडा या शब्दांचा आहे. हितेंद्र ठाकूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये, टाडा असताना, बजावले होते की नेहमीच्या फौजदारी कायद्यात बसणाऱ्या गुन्ह्याला दहशतवाद म्हणू नये. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निदर्शने आणि दहशतवाद यांत रेषा ओढली, तर तो निकाल दाखला म्हणून वापरू नये असे सर्वोच्च न्यायालयाने लगेच सांगितले.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक संमत केले. प्रस्थापित कायद्याच्या अवज्ञेला उत्तेजन देणे हेही त्यात बेकायदेशीर कृत्य ठरते. या मापाने १९६४ चे दादासाहेब कुठे बसतात? ज्यांना १९६८ मध्ये पद्मश्री दिली, तेच!

२९ डिसेंबर १९७१ ला दादासाहेब गेले. मागणीपत्रातले तैलचित्र १९९० मध्ये सभागृहात लागले. गायरान जमिनीचे कागद पिशवीत घेऊन माणसे मात्र अजून आमच्याकडे येतात.