पंडिता रमाबाई आणि आमचा रविवारचा वर्ग





स्मरणिका समितीने आपल्या आवडीच्या एका थोर व्यक्तीविषयी लिहायला सांगितले, तेव्हा मी लगेच पंडिता रमाबाईंचे नाव कळवले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की आठवडाभर मी स्टील मार्केटमधल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या आणि बिले सांभाळते, आणि रविवारी सकाळी कळंबोलीतल्या आमच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना शिकवते. या वयाच्या मुलांना सगळ्यात अवघड जाणारा पाठ म्हणजे क्षमेचा आणि दुसऱ्याला दोषी न ठरवण्याचा. प्रभू येशूने सत्तर वेळा सात इतक्यांदा क्षमा करायला सांगितले, हे त्यांना पाठ असते. पण शेजारच्या बाकावरच्या मुलाने फसवले तर काय करायचे, हे त्यावरून कळत नाही. म्हणून मी त्यांना रमाबाईंचे चरित्र सांगते. आपल्या अभ्यासात त्या दोन-चार ओळींत येऊन गेल्या होत्या. त्या ओळींच्या मागे केवढे आयुष्य होते, ते इथे थोडक्यात मांडते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या जंगलात, कर्नाटकातल्या गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवायला घेतले, म्हणून त्यांच्यावर दोष आला. उडुपीला पंडितांच्या सभेपुढे उभे राहून त्यांना शास्त्राधाराने आपली बाजू मांडावी लागली. पुढे आईने मुलीला शिकवले आणि रमाबाईंना लहान वयातच हजारो श्लोक मुखोद्गत झाले. म्हणजे ज्या गोष्टीसाठी घराला बोल लागला, तीच गोष्ट पुढे या मुलीचे बळ ठरली.

कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास अर्धपोटी पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. तेव्हा रमाबाई २३ वर्षांच्या होत्या. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

इथपर्यंत मुले ऐकतात, पण खरी गप्प होतात ती पुढच्या भागाला. इंग्लंडमध्ये रमाबाई वाँटेज इथल्या सिस्टरांकडे राहत होत्या. लंडनमधल्या फुलहॅम भागात या सिस्टरांचे एक घर होते. ज्या स्त्रियांना समाज पतित म्हणून बाहेर टाकतो, त्यांना तिथे ठेवून घेत, प्रेमाने वागवत, काम शिकवत. रमाबाईंनी अशा बाईच्या वाट्याला येणारा तिरस्कारच तोवर पाहिला होता. हे घर पाहून त्या चकित झाल्या. ख्रिस्ती माणसे या बायकांसाठी एवढे का करतात, असे त्यांनी एका सिस्टरला विचारले. तिने उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. त्यात विहिरीवर आलेली एक शोमरोनी बाई आहे. तिचे पाच नवरे झालेले, आताचा तर नवराही नव्हे. यहुदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानत. पण येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, तिच्याशी देवाधर्माच्या गोष्टी बोलतो. तिच्या आयुष्यातले खरे काय ते तो तिला सांगतो, पण त्यासाठी तिला हाकलत नाही. रमाबाईंच्या मनाने तिथे कौल दिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आपल्यापैकी बहुतेकांचा धर्म वेगळा आहे, आणि धर्म बदलण्याबद्दल प्रत्येकाची मते असणार. ती बाजूला ठेवूनही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रमाबाईंसारख्या विदुषीला ओढून नेणारी गोष्ट वादविवाद नव्हता. ज्यांना सगळ्यांनी दोषी ठरवले त्यांच्यासाठी कुणी दार उघडले आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, तिथून सुरुवात झाली.

बाप्तिस्म्याची बातमी आल्यावर महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. जोतीराव फुल्यांसारखा एखादाच त्यांच्या बाजूने उभा राहिला. दुसरीकडे इंग्लंडमधल्या धर्मगुरूंनाही त्या सोप्या वाटत नव्हत्या, कारण त्या प्रत्येक मतावर प्रश्न विचारत, आणि आपला शाकाहार त्यांनी सोडला नाही. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, मदत जमवली आणि परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत बालविधवांसाठी शारदा सदन उघडले. मुलींच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही, असे या संस्थेचे धोरण होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर असे मोठे लोक सल्लागार मंडळात होते. पुढे सदन पुण्याला आले.

१८९३ मध्ये वादळ उठले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे, असे उघड झाले. केसरीने कडक टीका केली. रानडे-भांडारकरांनी सदनाशी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

ही गोष्ट सांगताना मी फार जपून सांगते. रमाबाईंना चांगले ठरवायचे आणि पुण्याच्या पुढाऱ्यांना वाईट, हे अगदी सोपे आहे. वर्गातली मुले लगेच तसे करतात. पण मग दोषी ठरवू नये हा पाठ शिकवता शिकवताच आपण सगळ्या पुण्याला दोषी ठरवून मोकळे होतो! म्हणून मी मुलांना दुसरी बाजूही सांगते. पालकांनी मुली पाठवल्या त्या एका शब्दावर विश्वास ठेवून. तो शब्द मोडला असे त्यांना वाटले, तर त्यांचा राग समजण्यासारखा आहे. रमाबाईंचे म्हणणे असे होते की आपण कुणावर सक्ती केली नाही, आपल्या प्रार्थनेच्या वेळी दार मात्र लावून घेणार नाही. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. शिवाय याच रानडे आणि टिळकांवर तीनच वर्षांपूर्वी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहावरून ग्रामण्य उभे राहिले होते आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली होती. काल ज्यांचा न्याय झाला, ते आज न्याय करतात, आणि उद्या पुन्हा उलटे होते. आपल्या डोळ्यातले मुसळ आणि दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ हा येशूचा दाखला मुलांना इथे बरोबर समजतो.

मग मुले विचारतात, रमाबाईंनी त्या लोकांना क्षमा केली का? माणसाच्या मनात शिरून पाहता येत नाही. मी त्यांना रमाबाईंनी पुढे काय केले ते सांगते. त्यांनी सदन बंद केले नाही. त्यांची पहिली बालविधवा विद्यार्थिनी, गोदूबाई, १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या हिंदूच राहिल्या. या पुनर्विवाहासाठी कर्व्यांवर मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार टाकला, आणि हेच दांपत्य पुढे स्त्रीशिक्षणाचे केवढे मोठे काम करून गेले. रमाबाईंच्या दारातून आत आलेली मुलगी कोणत्या धर्माची होऊन बाहेर पडते, यावर त्या दाराचे उघडे राहणे अवलंबून नव्हते.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेली ही बाई तिकडे गेली आणि सुमारे ३०० मुली व विधवा घेऊन आली. पुण्यात प्लेग असल्याने त्यांना शहरात ठेवता येईना, तेव्हा शेतीसाठी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर त्यांची सोय झाली. तेच मुक्ती सदन. आपल्या कळंबोलीतून निघणाऱ्या एक्सप्रेस वेने पुणे गाठले आणि तिथून दौंडची गाडी पकडली की वाटेत केडगाव लागते. संस्था आजही चालू आहे. १९०० मध्ये गुजरातेतल्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. शाळा, शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींना शिकवण्याची सोय, सगळे तिथे उभे राहिले. आणि त्यातच एक घर होते, कृपा सदन. समाजाने पतित ठरवलेल्या बायकांसाठीचे. फुलहॅमला पाहिलेले दार रमाबाईंनी पंधरा-सोळा वर्षांनी केडगावच्या माळावर स्वतः उघडले.

आणखी एक प्रसंग मी मुद्दाम सांगते, कारण क्षमा म्हणजे मुकाट्याने सोसणे असा मुलांचा, विशेषतः मुलींचा समज होतो. १८९७ मध्ये प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांचे जे हाल होत होते, त्याबद्दल रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले. सरकार इंग्रजांचे, म्हणजे त्यांच्याच नव्या धर्माच्या माणसांचे. तरी त्या गप्प बसल्या नाहीत. चुकीला चूक म्हणणे वेगळे आणि माणसाला कायमचे मोडीत काढणे वेगळे. मुलांना मी स्पष्ट सांगते की कुणी मोठा माणूस त्रास देत असेल, हात लावत असेल, तर ते लपवणे म्हणजे क्षमा नव्हे. लगेच आईला किंवा बाईंना सांगायचे. क्षमा मनातून करायची असते. विश्वास मात्र पुन्हा कमवावा लागतो, त्याला वेळ लागतो, आणि कधी कधी अंतर ठेवणेच योग्य असते.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलावर सहलीचे पैसे घेतल्याचा आळ आला. मुलांनी त्याला मोबाईलच्या ग्रुपमधून काढून टाकले. पैसे खरेच कुणी घेतले, ते शेवटपर्यंत कळले नाही. मी चौकशी लांबवली नाही. मुलांना योहानाच्या आठव्या अध्यायातली गोष्ट सांगितली, दगड हातात घेऊन आलेले लोक एकेक करून निघून जातात ती, आणि कृपा सदनाची. नंतर कुणी काय करायचे ते त्यांच्यावर सोडले. तीन आठवडे काही झाले नाही. चौथ्या रविवारी एका मुलीने त्याला आपल्या बाकावर जागा करून दिली. बाकीच्यांना तेवढे पुरले असे मी म्हणणार नाही. दोघे-तिघे अजूनही त्याच्याशी बोलत नाहीत. पण मुलगा वर्गाला येतो.

रमाबाईंची शेवटची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. साध्या खेडूत बाईलाही कळावे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ भाषांतून, सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. तिच्यावरच संस्थेची पुढची सारी भिस्त होती. त्या दुःखातही रमाबाईंनी काम पुरे करत आणले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगावलाच देह ठेवला.

मित्र-मैत्रिणींनो, स्नेहसंमेलनाच्या यादीत काही नावांपुढे संपर्क नाही असे लिहिले आहे. कुणी नापास होऊन गेले, कुणाच्या घरी काही घडले, कुणाच्या नावाला तेव्हा काही चिकटले आणि ते मध्येच शाळा सोडून गेले. पंधराव्या वर्षी लागलेला शिक्का पन्नाशीतही पुसला जात नाही, म्हणून काही जण येण्याचे टाळत असतील. समितीला माझी एवढीच विनंती आहे की पुढच्या मेळाव्याआधी ती नावे आपण आपसांत वाटून घेऊ. खांदा कॉलनीपासून रोडपालीपर्यंत कुणा ना कुणाला त्यांच्या घरच्यांचा पत्ता ठाऊक असेलच. फोन लागला, तर तेव्हा काय झाले होते हे विचारायचे नाही. तारीख, वेळ आणि ठिकाण सांगायचे, आणि जेवणाची ताटे मोजताना त्यांचे ताट धरायचे. माझ्याकडे तीन नावे द्यावीत.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी