पांझरेकाठचा सायफन

उमेदीच्या वयात मिळालेली शाबासकी समाजाला कशी फळते, याचे उदाहरण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूरची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्यात अभियांत्रिकी शिकले. १८८३ मध्ये परीक्षेत पहिले आले आणि जेम्स बर्कले पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली. खानदेशात, धुळे भागात, पांझरेच्या एका पाटावर सायफन बांधण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. सायफनमध्ये पाणी नळातून खाली उतरते आणि आपल्याच दाबाने पलीकडे वर चढते. भर पावसाळ्यात काम अडले. ते पुढे ढकलण्याची विनंती त्यांनी केली, तेव्हा वरिष्ठांची नाराजी ओढवली. मग नेटाने त्यांनी ते तडीस नेले. पुढे सक्कर शहराला त्यांनी वाळूतून गाळलेले स्वच्छ पाणी दिले. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले. पारितोषिकाचे खरे मोल असे लोकांच्या घागरीत उतरते.