चित्रात माणूस नाही, झाड नाही. तरी बघणारा गप्प होतो! नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे

बैल काढला तर बैल दिसावा, देऊळ काढलं तर देऊळ दिसावं, अशी चित्राबद्दलची साधी समजूत असते. वासुदेव संतू गायतोंडे यांच्या चित्रांत यातलं काहीच नाही. आहे तो फक्त रंग. पण हाच माणूस भारतातल्या सगळ्यात मोठ्या चित्रकारांत गणला जातो.

2 नोव्हेंबर 1924 रोजी त्यांचा जन्म नागपुरात झाला. आईवडील मूळचे गोव्याचे. पुढं कुटुंब मुंबईत गिरगावच्या चाळीत राहायला आलं. पोरानं चित्रकार व्हावं हे वडिलांना पसंत नव्हतं. पोरानं मात्र ऐकलं नाही. 1948 साली त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा डिप्लोमा घेतला. सूझा, रझा, हुसेन यांनी उभ्या केलेल्या प्रोग्रेसिव्ह गटात ते 1950 साली सामील झाले.

सुरुवातीला तेही माणसं काढायचे. हळूहळू चित्रातली माणसं गेली, रेषा गेल्या, उरला रंग. दुःख दाखवायला रडका चेहरा कशाला पाहिजे, रंगच ते काम करू शकतो, हा रस्ता त्यांनी धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. 1957 साली टोकियोच्या प्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळालं. 1964 साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले.

त्यांची कामाची पद्धत वेगळीच होती. ब्रश बाजूला ठेवून ते रोलरनं कॅनव्हासवर रंग फिरवायचे. ओल्या रंगावर कागदाचे फाडलेले तुकडे दाबून उचलायचे, पातीनं रंग खरवडायचे. मग त्यावर दुसरा पातळ थर, पुन्हा तिसरा. खालचा थर पूर्ण झाकायचा नाही, थोडा दिसू द्यायचा. विहिरीत वाकून बघितलं की वर उजेड, मधे हिरवं पाणी आणि तळाला अंधार एकाच वेळी दिसतो, तसं ते चित्र दिसतं. पिवळ्याखालून लाल डोकावतो, हिरव्यातून उजेड येतो. बघणाऱ्याला कधी शांत वाटतं, कधी उगाच गलबलून येतं.

हे घाईचं काम नव्हतं. कॅनव्हाससमोर बसून ते कितीतरी वेळ नुसता विचार करायचे. वर्षाला पाच-सहा चित्रं, बस्स. झेन विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. चित्रांना नावही देत नसत.

1971 साली पद्मश्री मिळाली. त्यानंतर ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीन भागात गच्चीवरच्या छोट्या खोलीत एकटेच राहिले. लग्न केलं नाही, घरच्यांशी संबंधही कमी होत गेले. रंगासाठी त्यांनी मोजलेली किंमत ही अशी होती.

1984 साली रस्त्यावरच्या अपघातात त्यांना जबर दुखापत झाली. मोठा कॅनव्हास हाताळणं जमेना. काही वर्षं ते कागदावर शाईनं छोटी चित्रं काढत राहिले. दुसऱ्याच्या हातून रंग लावून घेऊन खाली आपली सही केली नाही. अंगात थोडी ताकद आल्यावर पुन्हा कॅनव्हाससमोर उभे राहिले, तेव्हा वय साठीच्या पुढं होतं.

10 ऑगस्ट 2001 रोजी ते वारले. गाजावाजा फार झाला नाही. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. 2015 साली मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र 29 कोटींवर गेलं. अपघातातून सावरल्यावर, 1995 साली त्यांनी रंगवलेलं हे चित्र होतं. त्यातही ना माणूस, ना झाड. एकावर एक चढवलेले थर, आणि खालून झिरपणारा उजेड.