गणेशखिंडीचा दगडी प्रासाद आणि बार्टल फ्रिअर

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची ओळख पुण्यात एका प्रासादामुळे राहिली. नाशिकशी त्यांचे नाते जडले ते शरणपूरच्या आश्रितांमुळे.

१८१५ मध्ये वेल्समध्ये जन्मलेले फ्रिअर १८३४ साली मुंबईस आले. साताऱ्याचे रेसिडेंट, सिंधचे कमिशनर अशी पदे भूषवून १८६२ मध्ये ते गव्हर्नर झाले. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या भरभराटीत, १८६४ साली, गव्हर्नरांच्या पावसाळी निवासासाठी गणेशखिंडीत बांधकाम सुरू झाले. वास्तुविशारद होते जेम्स ट्रबशॉ.

इंग्लंडच्या राणीच्या ऑस्बर्न प्रासादाच्या धर्तीवरील या इमारतीचा घाट इटालियन. दगड मात्र दख्खनचा काळा पाषाण. कमानींच्या ओळी, प्रशस्त दरबार दालन आणि सुमारे ८० फूट उंचीचा मनोरा हे तिचे वैभव. स्वयंपाकघरातून भोजनगृहाकडे जाण्यासाठी भुयारी मार्ग होता. भोवतालच्या विस्तीर्ण आवारात तबेले, पहारेकऱ्यांच्या खोल्या आणि नोकरांची घरे होती.

१८६५ मध्ये कापसाची तेजी ओसरली, बँक ऑफ बॉम्बे डबघाईला आली. बांधकामाचा खर्च मात्र वाढतच गेला. ब्रिटिश संसदेत या उधळपट्टीवर टीका झाली. १८७१ मध्ये वास्तू पूर्ण झाली, तेव्हा फ्रिअर मायदेशी परतून चार वर्षे लोटली होती. त्यांनी आरंभिलेल्या प्रासादात गव्हर्नर म्हणून राहण्याचा योग त्यांना आला नाही.

नाशिकच्या शरणपूर येथे ख्रिस्ती मिशनने गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आश्रय देऊन शिक्षण व हातकाम शिकवले होते. पुढे झांझिबारचा गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी फ्रिअर यांना धाडण्यात आले. त्यानंतर मोंबासानजीक मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. शरणपूरचे संस्थापक रेव्हरंड प्राइस आणि नाशिकला वाढलेले अनेक आफ्रिकी तेथे गेले. त्या वसाहतीला ‘फ्रिअर टाउन’ हे नाव मिळाले. मात्र १८७९ च्या झुलू युद्धाचा ठपकाही याच फ्रिअर यांच्यावर आला. १८८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

२२ जून १८९७ रोजी राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव याच प्रासादात साजरा झाला. तेथून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि गव्हर्नरांचे निवासस्थान विद्येचे माहेरघर बनले. रयतेच्या पैशाने उभारलेला पाषाण अखेर रयतेच्या मुलांच्या कामी आला.