नावाने मखदूम, कृतीने खादिम

अरबी भाषेत 'मखदूम' या शब्दाचा अर्थ, ज्याची सेवा केली जाते तो, म्हणजेच धनी, असा होतो. त्याच धातूपासून 'खादिम' हा दुसरा शब्द निघाला आहे; त्याचा अर्थ सेवक. आमच्या हैदराबाद शहरात एक मनुष्य असा होऊन गेला, की ज्याचे नाव होते मखदूम आणि ज्याचे सारे आयुष्य गेले खादिमाचे काम करण्यात. मुसी नदीच्या दक्षिण काठावर सिटी कॉलेजची जी भव्य इमारत उभी आहे, तिच्या एका वर्गात तो एके काळी उर्दू शिकवीत असे. तो उत्तम कवी होता, विद्यार्थ्यांचा आवडता होता, आणि त्याची नोकरी कायमची व प्रतिष्ठेची होती. तरीही एके दिवशी तो वर्ग सोडून कारखान्याच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. असे त्याने का केले, आणि त्यासाठी त्याला काय मोजावे लागले, हे आमच्या बालवाचकांस सांगावे, या हेतूने मखदूम मोहिउद्दीन यांचे हे अल्पचरित्र आम्ही येथे देत आहो.

मखदूम यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०८ रोजी तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातील अंदोल या गावी झाला. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात मुसी नदीला तो भयंकर महापूर आला, ज्यात हैदराबादेतील हजारो माणसे दगावली. वडील निजामाच्या राज्यात लहानशी सरकारी नोकरी करीत. मखदूम अगदी लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले आणि त्यांच्या पालनपोषणाचा भार चुलते बशिरुद्दीन यांच्यावर पडला. घरचे वळण कडक धार्मिक होते. मशीद झाडावी, विहिरीचे पाणी भरावे, पाचही वेळा नमाज पढावा, हा बालपणीचा नित्यक्रम होता. या चुलत्यांविषयी एक गोष्ट सांगितली जाते. १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली. तिची वार्ता घरी आली, तेव्हा त्यांनी मुलांस समजावून सांगितले, की त्या देशात आता सारे लोक एकाच दस्तरखानावर बसून जेवतात. दस्तरखान म्हणजे जेवणासाठी अंथरलेले वस्त्र. आपल्याकडील पंगतच म्हणा ना. पोरक्या मुलाच्या मनात ते पंगतीचे चित्र खोल रुतून बसले. पुढे त्यांनी मोठमोठे ग्रंथ वाचले. परंतु मूळ बीज हेच असावे, असे आम्हांस वाटते.

पुढील शिक्षणासाठी ते हैदराबादेस आले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात सर्व उच्च शिक्षण उर्दू भाषेतून दिले जाई. देशी भाषेतून विज्ञान, कायदा आणि इतिहास शिकविण्याचा हा प्रयोग त्या काळी साऱ्या हिंदुस्थानात अपूर्व मानला जात असे. मखदूम यांच्या खिशात मात्र पैसा नव्हता. कधी शिकवण्या कराव्या, कधी मशिदीत रात्र काढावी, कधी उपाशी झोपावे, अशा स्थितीत त्यांनी विद्याभ्यास केला. पण या दारिद्र्याने त्यांचा स्वभाव आंबट झाला नाही. वसतिगृहातील एका सोबत्याच्या पिवळ्या दुशालीवर त्यांनी एक विनोदी कविता रचली. ती मुलांच्या इतकी तोंडी बसली, की मखदूम हे नाव विद्यापीठभर झाले. नाटकाचीही त्यांना मोठी आवड होती. बर्नार्ड शॉ यांच्या एका नाटकाचे त्यांनी उर्दू रूपांतर केले. गरिबांच्या गलिच्छ चाळींच्या भाड्यावर चैन करणाऱ्या प्रतिष्ठितांची त्यात थट्टा आहे. त्याचा प्रयोग पाहून रवींद्रनाथ टागोर प्रसन्न झाले आणि या तरुणास त्यांनी शांतिनिकेतनास येण्याचे निमंत्रण दिले, असे सांगतात. टागोरांच्या काव्यावर मखदूम यांनी १९३५ च्या सुमारास एक पुस्तकही लिहिले. १९३६ मध्ये ते एम. ए. झाले आणि १९३९ मध्ये सिटी कॉलेजात अध्यापक म्हणून रुजू झाले.

आता त्या काळचे हैदराबाद संस्थान कसे होते, हे थोडक्यात पाहू. सोळा जिल्ह्यांचे हे राज्य हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. आठ जिल्हे तेलुगू भाषेचे, पाच मराठी भाषेचे आणि तीन कानडी भाषेचे. लोकसंख्या दीड कोटीहून अधिक. राजसत्ता एकट्या निजामाच्या हाती होती. सभा भरवायची तर परवाना लागे. वर्तमानपत्र काढायचे तरी परवानाच. राज्यात कारखानदारी नुकती वाढू लागली होती. नांदेडास उस्मानशाही गिरणी, वरंगळास आझमजाही गिरणी, शहाबादेस सिमेंटचा कारखाना, सिंगरेणीस कोळशाच्या खाणी, आणि खुद्द राजधानीत सिगारेटचे, बटणांचे व कापडाचे कारखाने होते. तेथे राबणारा कामगार कालपर्यंत खेड्यात शेतमजूर होता. कामाचे तास किती, मजुरी किती, अपघात झाल्यास भरपाई कोण देणार, हे विचारण्याची त्याची प्राज्ञा नव्हती.

मखदूम आणि त्यांचे तरुण मित्र १९३९ च्या सुमारास 'कॉम्रेड्स असोसिएशन' या मंडळात एकत्र आले. तेथूनच हैदराबादेत साम्यवादी पक्षाची उभारणी झाली, आणि तिच्या अग्रभागी मखदूम होते. दिवसा वर्गात काव्य शिकवावे आणि संध्याकाळी कामगारांच्या वस्तीत बैठक घ्यावी, असा क्रम काही काळ चालला. परंतु दोन होड्यांवर पाय ठेवून नदी पार होत नाही. १९४१ च्या सुमारास त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. बायकामुलांचा प्रपंच पाठीशी असताना, महिन्याच्या महिन्याला मिळणारा पगार सोडून देणे ही काय गोष्ट आहे, हे आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्या मंडळीस सांगावयास नको.

कामगार संघटनेचे काम बाहेरून दिसते तितके सोपे नसते. घोषणा देणे हा त्याचा अगदी लहान भाग होय. एकेका माणसाला भेटून त्याची भीती घालवावी लागते. वर्गणीचा पैन् पैचा हिशेब ठेवावा लागतो. कामगाराला आपली मागणी नीट मांडावयास शिकवावे लागते. आणि संप पुकारण्यापूर्वी कामगाराच्या घरी किती दिवस चूल पेटेल, याचा विचार करावा लागतो. मखदूम यांनी हे सारे केले. राज बहादूर गौड यांच्यासारखे निष्ठावंत सहकारी त्यांना लाभले. १९४६ मध्ये राज्यातील निरनिराळ्या कामगार संघांना एकत्र आणणारी 'ऑल हैदराबाद ट्रेड युनियन काँग्रेस' स्थापन झाली, तेव्हा तिची धुरा मखदूम यांच्याकडे आली. त्यांच्या सभेस लोक गर्दी करीत, याचे एक कारण त्यांचा आवाज हे होते. भाषणाच्या ओघात ते स्वतःची कविता म्हणू लागत, आणि अक्षरओळख नसलेला मजूरही ती पाठ करून घरी नेई. १९४४ मध्ये त्यांचा 'सुर्ख सवेरा' हा पहिला काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी पुरोगामी उर्दू लेखकांची परिषद हैदराबादेत भरली. तिच्या यजमानांत मखदूम होते.

इकडे खेड्यांत वेगळाच वणवा पेटत होता. देशमुख हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. परंतु तेलंगणातील काही देशमुखांकडे चाळीस चाळीस हजार एकर जमीन होती. गावातील लोकांना त्यांच्या घरी फुकट राबावे लागे. या वेठबिगारीस तेथे 'वेट्टी' म्हणत. चांभाराने जोडा फुकट द्यावा, कुंभाराने मडकी फुकट द्यावी, असा शिरस्ताच होता. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी या गावी शेतकऱ्यांच्या मिरवणुकीवर देशमुखाच्या माणसांनी गोळीबार केला आणि दोड्डी कोमरय्या हा तरुण ठार झाला. तेव्हापासून शेतकऱ्यांचा लढा उग्र झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पक्षावर बंदी आली आणि मखदूम भूमिगत झाले. सप्टेंबर १९४७ मध्ये रावी नारायण रेड्डी, बद्दम येल्ला रेड्डी आणि मखदूम या तिघांनी निजामी राजवटीविरुद्ध सशस्त्र लढ्याची हाक दिली. मखदूम स्वतः मुसलमान होते आणि निजामही मुसलमान होता; रझाकारांचे अत्याचार त्या वेळी धर्माच्या नावाने चालले होते. अशा वेळी आपला पक्ष गरिबांचा, एवढेच या मनुष्याने पाहिले. त्याची ही निष्ठा लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याने कारवाई केली आणि निजामी राजवट संपली. परंतु लढा थांबला नाही. मिळालेली जमीन पुन्हा हातची जाईल, या भीतीने शेतकऱ्यांचा मोठा भाग शस्त्र खाली ठेवीना, आणि पक्षाच्या नेतृत्वानेही लढा चालूच ठेवला. स्वतंत्र भारताच्या सरकारविरुद्ध शस्त्र धरणे योग्य होते काय, यावर त्या पक्षातच तीव्र मतभेद झाले. खुद्द रावी नारायण रेड्डी लढा थांबवावा या मताचे झाले. पक्षाच्या सांगण्याप्रमाणे सुमारे ४,००० माणसे या लढ्यात मारली गेली. दुसऱ्या बाजूसही बळी पडलेच. एप्रिल १९५१ मध्ये याच नळगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावी आचार्य विनोबा भावे आले आणि तेथे १०० एकरांच्या दानातून भूदान चळवळीचा जन्म झाला. प्रश्न एकच होता, भूमिहीनांच्या भाकरीचा. त्यास दोन भिन्न मार्गांनी उत्तर शोधले जात होते. अखेर ऑक्टोबर १९५१ मध्ये पक्षाने सशस्त्र लढा मागे घेतला. मखदूम त्यापूर्वीच पकडले जाऊन तुरुंगात पडले होते. शस्त्राचा मार्ग आम्ही विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवू इच्छीत नाही. परंतु ज्या अन्यायातून तो उद्भवला, तो अन्याय विसरणे हाही अप्रामाणिकपणाच ठरेल.

यापुढील मखदूम यांचे आयुष्य आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. जो मनुष्य काल रानोमाळ लपत होता, तो आज मतपेटीच्या वाटेने लोकांपुढे गेला. १९५२ मध्ये शहरातून त्यांना अपयश आले. परंतु त्याच वर्षी हुजूरनगरच्या पोटनिवडणुकीत निवडून येऊन ते हैदराबादच्या विधानसभेत बसले. तेथे विरोधी पक्षाचे नेते आपले मराठीभाषक व्ही. डी. देशपांडे हे होते. तेलुगू शेतकरी, उर्दू कवी आणि मराठी पुढारी एकाच बाकावर बसून कुळांच्या हक्कांविषयी बोलत, हे त्या सभागृहाचे वैशिष्ट्य होते. पुढे कामगार चळवळीच्या निमित्ताने त्यांनी युरोप, सोव्हिएत रशिया आणि चीन येथे प्रवास केला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा तेव्हाच्या द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. नव्या राज्यात विधान परिषद स्थापन झाल्यावर मखदूम तिचे सदस्य झाले. पक्ष १९६४ मध्ये दुभंगला, तेव्हा ते मूळ भारतीय कम्युनिस्ट पक्षातच राहिले.

या राजकारणाच्या धकाधकीत कविता कोठे गेली, असे कोणी विचारील. ती गेली नव्हती; ती कमी बोलू लागली होती. १९६१ मध्ये 'गुल-ए-तर' आणि १९६६ मध्ये 'बिसात-ए-रक्स' हे त्यांचे संग्रह निघाले. आरंभीच्या कवितेत ठिणग्या होत्या. या कवितेत प्रीती, वियोग, आणि ज्या स्वप्नासाठी एवढी माणसे गेली त्याच्या अपूर्णतेचे दुःख आहे. काँगोचे लुमुंबा मारले गेले तेव्हा, आणि १९६८ मध्ये अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला तेव्हाही, हैदराबादच्या या कवीचे मन विव्हळले. त्यांच्या काही रचना चित्रपटांतूनही घरोघर पोहोचल्या. 'बाजार' या १९८२ च्या चित्रपटात त्यांची गझल लता मंगेशकर आणि तलत अझीझ यांनी गायिली आहे; ती ऐकणाऱ्या कित्येकांस ठाऊकही नसते, की तिचा कर्ता कामगारांचा पुढारी होता.

२५ ऑगस्ट १९६९ रोजी दिल्लीत हृदयविकाराने मखदूम यांचे निधन झाले. वय अवघे ६१ वर्षांचे होते. त्यांचा देह हैदराबादेस आणण्यात आला, तेव्हा अंत्ययात्रेस विद्वान होते, मंत्री होते. परंतु खरी गर्दी होती ती कामगारांची, रिक्षावाल्यांची आणि गल्लीबोळांतील सामान्य माणसांची. 'बिसात-ए-रक्स' या संग्रहास १९६९ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. पुढे हुसेनसागराच्या बांधावर थोर पुरुषांचे पुतळे उभारण्यात आले, त्यांत मखदूम यांचाही पुतळा बसविण्यात आला.

विद्यार्थी मित्रहो, मखदूम यांची सर्व मते तुम्हांस पटलीच पाहिजेत, असा आमचा आग्रह नाही. मोठेपणी तुम्ही इतिहास वाचाल आणि आपापला निर्णय घ्याल. परंतु एक गोष्ट आजच ध्यानात ठेवा. आठ तासांचा दिवस, अपघाताची भरपाई, आठवड्याची सुट्टी या गोष्टी आज आपल्या घरातील नोकरदारास सहज मिळतात, आणि सहज मिळते त्याची किंमत आपणांस कळत नाही. कोणी तरी त्यांच्यासाठी पगार सोडला, कोणी तुरुंग भोगला, कोणी आपल्या लेकरांपासून वर्षानुवर्षे दूर राहिले. लहानपणी ऐकलेल्या त्या एकाच पंगतीचे स्वप्न मखदूम यांच्या हयातीत पुरे झाले नाही. ते अजूनही पुरे झालेले नाही. मात्र पंगतीत शेवटच्या पानापर्यंत वाढले गेले की नाही, हे पाहिल्यावाचून वाढप्याने स्वतः बसू नये, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मखदूम यांनी जन्मभर ती पाळली.