निलंग्याच्या पगडींनी मोगलांचे कागद मराठीत आणले, पण त्यांचा संदर्भ नेमका कसा द्यायचा?

फेब्रुवारी आला की शिवरायांवरचे मेसेज फिरायला लागतात. खाली एक ओळ ठरलेली, संदर्भ : मोगल कागदपत्रे. कोणती कागदपत्रं, कुणी लिहिलेली, कोणत्या पानावर? असं विचारलं की समोरचा गप्प होतो.

हेच कागद मराठी माणसाला स्वतः वाचता यावेत म्हणून एका सरकारी अधिकाऱ्याने आयुष्याची कित्येक वर्षं घातली. ते म्हणजे सेतुमाधवराव पगडी.

२७ ऑगस्ट १९१० ला लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात त्यांचा जन्म झाला. पण जुन्या दप्तरात निलंगा शोधायला गेलात, तर ते लातूरमध्ये सापडणार नाही. तेव्हा ते निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होतं. लातूर जिल्हा झाला थेट १९८२ मध्ये.

निजामाच्या राज्याचा कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळे उर्दू येणं ही गरजच होती. पगडी मात्र तिथे थांबले नाहीत. प्रशासकीय सेवेत असताना आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम करायची वेळ आली, तर गोंडी शिकले आणि त्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. आज नांदेडमध्ये असलेलं किनवट तेव्हा त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं.

भाषावार प्रांतरचनेनंतर ते मुंबईत आले. पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटिअरचं संपादन त्यांच्याकडे आलं. पण त्यांचं खरं मोठं काम आहे फारसी साधनांचं.

कारण अडचण अशी होती की औरंगजेबाच्या दख्खनच्या स्वारीबद्दल सर्वात जास्त लिहिलं गेलं ते फारसीत. भीमसेन सक्सेना नावाचा माणूस मोगलांच्या सैन्याबरोबर फिरत होता. नळदुर्गात त्याचं बिऱ्हाड होतं. त्याने डोळ्यांनी पाहिलेलं ‘तारीख-ए-दिलकुशा’मध्ये लिहून ठेवलं. खाफीखानाचा इतिहास होता. शिवाय दरबारात रोज काय घडलं याची बातमीपत्रं होती. त्यातली बरीच जयपूरच्या दप्तरात जमा झाली, काही लंडनला गेली. पगडींनी हे सगळं मराठीत आणलं. ‘मोगल दरबारची बातमीपत्रे’ हे त्यांचं पुस्तक आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतं.

आता मुद्दा येतो तो पीएचडी, एमएच्या पोरांचा. बरेच जण वाचतात पगडींचं मराठी पुस्तक आणि तळटीपेत ठोकून देतात मूळ फारसी ग्रंथाचं नाव. वजन वाढतं ना! पण ही फसवणूक आहे. फारसी वाचलं नसेल तर तसा आव आणायचा नाही. मूळ लेखक भीमसेन, मूळ ग्रंथ, मग अनुवादक पगडी, अनुवादाचं नाव ‘मोगल आणि मराठे’, प्रकाशक, गाव, वर्ष आणि पान, असं सगळं लिहायचं. एपीएमध्ये वर्ष पुढे येतं, शिकागोच्या तळटीपेत शेवटाकडे जातं. क्रम बदलतो, माहिती तीच राहते.

आणखी एक गंमत. संदर्भसूचीत आडनाव आधी, म्हणून ‘पगडी, सेतुमाधवराव’ बरोबर. पण हाच नियम संगणकाने खाफीखानाला लावला की होतं ‘खान, खाफी’! खाफीखान ही त्याची पदवी होती, नाव मुहम्मद हाशिम. ती पदवी तोडायची नसते.

साधन कधीचं आहे, हेही संदर्भातून कळलं पाहिजे. नांदेडचंच घ्या. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचा इथे अंत झाला, तेव्हा बादशाह बहादूरशाह दख्खनच्या मोहिमेवर होता. त्या दिवसांतलं दरबारचं बातमीपत्र आणि पुढे मुहम्मदशाहाच्या काळात खाफीखानाने लिहिलेली हकीकत यांना एकाच तागडीत तोलता येत नाही. वर तारखेचा घोळ आहेच. बातमीपत्रावर तारीख हिजरी महिन्याची आणि वर्ष बादशाहाच्या राज्यारोहणापासून मोजलेलं. इंग्रजी तारीख सांगायची तर जुन्या पंचांगाने की नव्या, हेही सांगावं लागतं. गुरूंच्या निधनाची ७ ऑक्टोबर ही तारीख जुन्या पंचांगाची. नव्याने ती १८ ऑक्टोबर होते. म्हणून मूळ तारीख आणि रूपांतर दोन्ही द्यावं. चूक झालीच तर पुढच्याला पकडता येते.

पगडींना १९९२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९९४ मध्ये ते गेले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. लातूर जिल्हा त्याच विद्यापीठात येतो, म्हणजे निलंग्याच्या पोरांचे प्रबंधही तिथेच जमा होतात.

पगडींची पुस्तकं आता ‘समग्र सेतुमाधवराव पगडी’च्या खंडांतही मिळतात. तिथला पान क्रमांक सुट्या पुस्तकाशी जुळेलच असं नाही. त्यामुळे हातात जी आवृत्ती आहे, तिचंच वर्ष आणि तिचंच पान लिहा. खंडातून घेतलं असेल तर खंडाचा क्रमांकही हवा.