शिक्का

सावदा म्हटलं की तुम्हाला केळी आठवणार, फार तर केळीच्या वॅगनी. पण आमच्या सावद्याला लागूनच असलेलं फैजपूर १९३६ साली सगळ्या देशात गाजलं होतं. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. डिसेंबरच्या त्या थंडीत तिथे एक उंचापुरा माणूस आला होता, महिन्याभरापूर्वीच तुरुंगातून सुटलेला. त्याचं नाव मानवेंद्रनाथ रॉय.

मूळ नाव नरेंद्रनाथ भट्टाचार्य, जन्म १८८७, बंगालमधला. इंग्रजांशी लढायला शस्त्रं मिळवायची म्हणून १९१५ साली त्यांनी देश सोडला आणि फिरत फिरत मेक्सिको गाठलं. तिथे कम्युनिस्ट पक्ष उभा करण्यात पुढाकार घेतला. १९२० मध्ये मॉस्कोत वसाहतींच्या प्रश्नावर थेट लेनिनशीच त्यांचा मतभेद झाला. लेनिनने त्यांना गप्प बसवलं नाही; दोघांचेही मसुदे चर्चेला आले आणि दुरुस्त्यांसह मंजूर झाले. पण पुढे स्टालिनचे दिवस आले. अधिकृत धोरणावर टीका केली म्हणून १९२९ साली आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेने रॉय यांना काढून टाकलं. कालचा क्रांतिकारक एका ठरावाने गद्दार झाला! त्यांचे मुद्दे खोडायची गरजच कुणाला वाटली नाही.

भारतात परतल्यावर १९३१ मध्ये अटक, मग कानपूर कटाच्या जुन्या खटल्यात शिक्षा. सुटले ते फैजपूरला आले आणि काँग्रेसमध्ये काम करू लागले. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं. हिटलर जिंकला तर कुणाचंच स्वातंत्र्य उरणार नाही, म्हणून इंग्रजांच्या युद्धाला साथ द्यावी, असं रॉय यांचं म्हणणं. १९४० मध्ये त्यांनी काँग्रेस सोडून वेगळा पक्ष काढला. १९४२ ला हजारो लोक तुरुंगात जात असताना त्यांच्यावर इंग्रजांचा हस्तक असा शिक्का बसला. त्यांच्या कामगार संघटनेला सरकारी पैसा मिळत होता, त्याचा जाब विचारणं रास्तच होतं. पण एकदा शिक्का बसला की जाब कोण विचारतो? आणि खरं सांगायचं तर रॉयही मागे नव्हते. त्यांनीसुद्धा काँग्रेसवर फॅसिस्ट असा शिक्का मारूनच टाकला होता.

१९४६ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. नंतर त्यांनी जे केलं ते फार थोड्यांना जमतं. पक्ष म्हटला की माणसाला विचार करायची मोकळीक राहत नाही, असं त्यांना पटलं, आणि १९४८ साली त्यांनी स्वतःचाच पक्ष बरखास्त केला. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी या वाटेवर त्यांच्यासोबत होते. १९५४ मध्ये डेहराडूनला रॉय गेले.

रॉय यांचं सगळंच मला पटतं असं नाही. पण होस्टेलच्या मेसमध्ये वाद रंगतो आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत आपण त्याला डावा, उजवा, भक्त नाहीतर देशद्रोही ठरवून मोकळे होतो, तेव्हा मला फैजपूर आठवतं. लॅबमध्ये रीडिंग घेतल्याशिवाय आपण निष्कर्ष लिहीत नाही. मग माणसाच्या बाबतीतच एवढी घाई कशाला?